‘आशिया खंडातील सर्वांत मोठे’ म्हणजे नेमके काय मोठे?

सेलूचे गुरुजी (प्रश्न)

सविनय नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत सहावी आणि सातवीच्या वर्गांना शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा असते आणि तिचा शेवटचा तास आम्ही सामान्य ज्ञानाच्या प्रश्नमंजूषेसाठी राखून ठेवला आहे. मुलांना या तासात सर्वाधिक आवडतात ते ‘सर्वांत’ या शब्दाने सुरू होणारे प्रश्न. नागपूरच्या ज्योती आमगे यांची ६२.८ सेंटिमीटर उंची आणि पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांची एकाच हाताची मिळून ९०९.६ सेंटिमीटर नखे हे आकडे माझ्या वर्गाला स्वतःच्या हजेरी क्रमांकाइतके पाठ आहेत. सातवीतील एका मुलीने तर दोनशे पानी वहीत वर्तमानपत्रांची कात्रणे कणकेच्या खळीने चिकटवून ‘विक्रमांची वही’ तयार केली असून ती दप्तरात पाठ्यपुस्तकांच्याही वर ठेवलेली असते.

मागच्या पंधरवड्यात मी प्रश्न विचारला की आशिया खंडातील सर्वांत मोठे मातीचे धरण कोणते. मला अपेक्षित असलेले ‘जायकवाडी’ हे उत्तर निम्म्या वर्गाने एकाच वेळी ओरडून दिले, पण ही मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, ‘‘सर, मोठे म्हणजे लांब, का उंच, का त्यात पाणी जास्त?’’ वर्ग हसला आणि मी तिला ‘‘पुस्तकात तसेच आहे, बस खाली,’’ असे म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर मात्र मला स्वतःचीच लाज वाटली, कारण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते आणि मी स्वतः लहानपणी स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतून जे पाठ केले तेच तीस वर्षे पुढे सरकवत आलो आहे.

आपल्या मराठवाड्यात आणि आसपास असे दावे पावलोपावली ऐकू येतात. जायकवाडी आशियातील सर्वांत मोठे मातीचे धरण, नांदेडजवळची विष्णुपुरी आशियातील सर्वांत मोठी उपसा सिंचन योजना, लोणारचे विवर जगात तिसऱ्या क्रमांकाचे, वेरूळचे कैलास लेणे जगातील सर्वांत मोठे एकाश्म मंदिर. यांपैकी काय टिकते आणि काय टिकत नाही, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे. दुसरी शंका अशी की मुलांचे हे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे वेड वाढू द्यावे की त्यांना त्यातून हळूहळू बाहेर काढावे?

निवृत्त शाखा अभियंता, पैठण

गुरुजी, त्या मुलीला माझा नमस्कार कळवा, कारण तिने विचारलेला प्रश्न आमच्या खात्यात पहिल्या दिवशी विचारायला हवा आणि बरेच जण तो निवृत्तीपर्यंत विचारत नाहीत. माझी नोकरीची बहुतेक वर्षे याच धरणाच्या अंगाखांद्यावर गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी केले. धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर, उंची सुमारे ४१ मीटर आणि सांडव्याला २७ दरवाजे. आता हे आकडे इतरांशेजारी ठेवून पाहा. पाकिस्तानात सिंधू नदीवर तरबेला नावाचे मातीचे धरण आहे आणि त्याची उंची १४३ मीटर आहे, म्हणजे आपल्या धरणाच्या तिपटीहून अधिक. मात्र त्याची लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपासच भरते. ओडिशात महानदीवरील हिराकूड धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. त्याचा मुख्य बांध ४.८ किलोमीटरचा आहे आणि त्यातही माती, काँक्रीट व दगडी बांधकाम असे तिन्ही प्रकार आहेत, परंतु दोन्ही बाजूंचे मातीचे बांध धरले की एकूण लांबी २५.८ किलोमीटर होते. तेव्हा उंची धरली तर जायकवाडी हरते, बाजूच्या बांधांसह लांबी धरली तरी हरते आणि फक्त मुख्य बांधाची लांबी धरली तर हिराकूडला सहज मागे टाकते. ‘आशियातील मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक’ हे विधान निर्धोक आहे. ‘सर्वांत मोठे’ हे विधान मी माझ्या सहीने कधीही दिले नसते.

उंची कमी असण्यात कमीपणा काहीच नाही, हेही मुलांना सांगा. पैठणजवळ गोदावरीचे पात्र उथळ आणि दोन्ही काठ सपाट आहेत, दरी नाही. अशा जागी पाणी अडवायचे तर भिंत उंच नव्हे, लांबच लांब घालावी लागते आणि ती आजूबाजूला मुबलक मिळणाऱ्या मातीचीच परवडते. आत पाणी न झिरपणाऱ्या काळ्या मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण आणि पाण्याच्या बाजूला लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे पिचिंग, अशी ही रचना असते. सपाट मुलखामुळेच नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद पसरला आहे आणि त्याच कारणाने तो उथळ राहून उन्हाळ्यात बाष्पीभवनाने भरपूर पाणी गमावतो. एकच गोष्ट एका रकान्यात अभिमानाची आणि शेजारच्या रकान्यात काळजीची ठरते.

आता खरी गंमत पाण्याच्या साठ्याची आहे. हा भाग त्या मुलीच्या वहीत जायलाच हवा. महाराष्ट्रातील तीन मोठी धरणे घ्या. एकूण साठा उजनीचा सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), कोयनेचा १०५ टीएमसी आणि जायकवाडीचा साधारण १०३ टीएमसी आहे, म्हणजे उजनी पहिली, कोयना दुसरी आणि आपण तिसरे. पण धरणातले सगळेच पाणी नेहमीच्या रीतीने सोडता येत नाही. विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाच्या, पातळीखाली जे राहते त्याला मृतसाठा म्हणतात, आणि उजनीत हा मृतसाठाच ६३ टीएमसीपेक्षा जास्त आहे. तो वजा केला की जिवंत साठा कोयनेचा सुमारे १००, जायकवाडीचा ७६.६५ आणि उजनीचा जेमतेम साडेत्रेपन्न टीएमसी उरतो. कोयना पहिली, आपण दुसरे आणि मघाशी पहिली असलेली उजनी थेट तिसरी! पाणी तेच, धरणे तीच, फक्त प्रश्न बदलला. ऑगस्टमध्ये ‘नाथसागर किती टक्के झाला’ असे आपण सगळे जे विचारतो, ती टक्केवारीही जिवंत साठ्याचीच असते, हे किती जणांना माहीत असते कोण जाणे.

विष्णुपुरीबद्दल थोडक्यात लिहितो. तो दावा ज्या काळी रूढ झाला त्या काळाबरोबरच तो वाचला पाहिजे. त्याच गोदावरीवर खाली तेलंगणात कालेश्वरम् ही अनेक टप्प्यांची उपसा योजना जून २०१९ मध्ये सुरू झाली आणि पाणी उचलण्याच्या क्षमतेत दोघींची तुलनाच होत नाही. आपल्याकडे पाटीवर दावा रंगवला जातो, पण त्याखाली तारीख कधीच रंगवली जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

भूविज्ञानाची प्राध्यापिका, जालना

लोणारविषयी मी लिहिते. हे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात आहे, परंतु आम्हा जालनेकरांना मंठ्यावरून ते इतके जवळ आहे की दरवर्षीची शैक्षणिक सहल तिथेच जाते आणि दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी ‘जगातील तिसऱ्या क्रमांकाचे विवर’ हे वाक्य अहवालात लिहितो. मी ते दरवर्षी लाल शाईने खोडते.

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. दक्षिण आफ्रिकेतील फ्रेडेफोर्टचे मूळ विवर २५० किलोमीटरहून मोठे असावे असे मानतात, तर डायनोसॉरांच्या अंताशी ज्याचा संबंध जोडला जातो ते मेक्सिकोतील चिक्शुलूब सुमारे १८० किलोमीटरचे आहे. अवकाशातून आदळलेल्या उल्केच्या आघाताने तयार झाल्याचे सिद्ध झालेली अशी जवळपास दोनशे विवरे पृथ्वीवर आहेत आणि व्यासाने क्रम लावला तर लोणार त्या यादीत बरेच खाली जाते. इतकेच काय, भारतातही ते पहिले नाही, कारण मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातले ढाला हे झिजून गेलेले विवर सुमारे ११ किलोमीटर व्यासाचे आहे. यावर विद्यार्थी सुधारून लिहितात की लोणार हे बेसॉल्ट या लाव्हापासून झालेल्या खडकातील जगातील सर्वांत मोठे विवर आहे. तेही मी खोडते, कारण ब्राझीलमध्ये बेसॉल्टमध्येच झालेली व्हारझियाँव आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरे अनुक्रमे १२ आणि साडेनऊ किलोमीटरची आहेत.

मग उरते काय? माझ्या मते जे उरते ते या दाव्यांपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. दख्खनच्या लाव्हा थरांत झालेले हे एकमेव ज्ञात आघात विवर असून ब्राझीलमधल्या विवरांइतके ते झिजलेले नाही. काठावर उभे राहिले की वाटीचा आकार, उचलला गेलेला काठ आणि बाहेर फेकला गेलेला मलबा हे सगळे आजही उघड्या डोळ्यांनी दिसते. चंद्रावरची काळी मैदाने बेसॉल्टचीच असल्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना असा नमुना पृथ्वीवर हवाच असतो. हे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, यावर १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने शिक्कामोर्तब झाले, कारण तिथल्या खडकांत प्रचंड दाबाखाली न वितळताच काच झालेले फेल्डस्पार हे खनिज सापडले. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना विद्यार्थ्याच्या तोंडून जो हुंकार निघतो, तो ‘तिसरा क्रमांक’ ऐकून कधी निघत नाही.

वयाचीही अशीच कथा आहे. आधीच्या मापनावरून लोणार सुमारे ५२ हजार वर्षांचे धरले जाई आणि त्यामुळे ते जगातल्या अगदी तरुण विवरांत मोडत असे. २०१०-११ च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने वय मोजल्यावर ते साधारण ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. विवर जागचे हलले नाही, पण यादीतला त्याचा शेजार बदलला.

गुरुजी, मुलांना हे पटवायचे असेल तर एव्हरेस्टचे उदाहरण हाताशी ठेवा. समुद्रसपाटीपासून मोजले तर ८८४८.८६ मीटरचे एव्हरेस्ट पहिले, पायथ्यापासून मोजले तर समुद्रतळावरून दहा किलोमीटरहून अधिक उठलेले हवाईतील मौना किया पहिले, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर विषुववृत्ताजवळच्या फुगवट्यावर बसलेले इक्वेडोरचे चिंबोराझो पहिले. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत.

ग्रंथपाल, अंबाजोगाई

वेड वाढू द्यावे की नाही, या आपल्या दुसऱ्या शंकेवर लिहितो. ग्रंथालयात पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक कधीच न मागणारी मुले विक्रमांचे पुस्तक मात्र मागतात आणि ते आमच्याकडे सर्वांत जास्त फाटलेले पुस्तक आहे. (हा विक्रम मी स्वतः मोजलेला आहे: तीन वेळा बांधणी.)

या पुस्तकाचा उगमच मुळी एका वादातून झाला. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेले सर ह्यू बीव्हर यांचा यजमानांशी वाद झाला की युरोपातील शिकारीच्या पक्ष्यांत सर्वांत वेगवान कोण, सोनेरी टिटवीच्या जातीचा प्लोव्हर की ग्राउझ. त्या रात्री संदर्भग्रंथ चाळूनही उत्तर सापडले नाही. बीव्हर हे गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. पिण्याच्या अड्ड्यांवर रोज असे किती वाद होत असतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि नॉरिस व रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांकडून त्यांनी पुस्तक तयार करवून घेतले. पहिली आवृत्ती ऑगस्ट १९५५ मध्ये निघाली. वाद संपवण्यासाठी काढलेल्या पुस्तकाने पुढे किती वाद निर्माण केले, ते आपण पाहतच आहोत. भारतात लिम्का विक्रम पुस्तक १९९० पासून निघू लागले.

आपल्या विद्यार्थिनीला एक गोष्ट आवर्जून सांगा. गिनेसकडे विक्रम मान्य होण्यासाठी ज्या कसोट्या आहेत त्यांत तो मोजता यावा, मोडता यावा, पडताळता यावा यांबरोबरच तो एकाच परिमाणावर आधारलेला असावा, अशीही अट आहे. नुसते ‘सर्वांत मोठे’ म्हणून तिथे भागत नाही. लांबीने की वजनाने, हे ठरवावेच लागते. म्हणजे तिने वर्गात उभे राहून जे विचारले, तीच त्या पुस्तकाच्या दारावरची पहिली चाळणी आहे. लाडक्या मांजराला किंवा कुत्र्याला कोंबून खाऊ घालू नये म्हणून सर्वांत जड पाळीव प्राण्याचा विक्रम त्यांनी बंद केला, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

सुशीलाप्रेमी, लातूर जिल्हा

वरची चर्चा वाचून मला आमच्या तालुक्याच्या गावचा एक प्रसंग सांगावासा वाटतो. त्यात मी स्वयंसेवक होतो आणि त्या फजितीत माझाही वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी गावातील उत्साही मंडळींनी ठरवले की आपणही एक विश्वविक्रम करावा. दिल्लीत नोव्हेंबर २०१७ मध्ये ९१८ किलो खिचडी शिजवून गिनेसमध्ये नोंद झाली होती, आणि पुढे जानेवारी २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील तत्तापानी येथे १९९५ किलोची खिचडी करून तो विक्रम मोडलाही गेला. आमच्या मंडळींचे म्हणणे असे की खिचडीत आता दम नाही, आपण मराठवाड्याचा खास पदार्थ करू, आणि सर्वानुमते सुशीला ठरला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की सुशीला म्हणजे मुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि डाळव्याच्या फोडणीत परतलेला न्याहारीचा पदार्थ.

चाळीस पोती मुरमुरे आले आणि मैदानात त्यांचा डोंगर रचला गेला, तेव्हा सगळ्यांची छाती अभिमानाने फुगली. छायाचित्रे निघाली, ड्रोन फिरला. पण एका पोत्यात मुरमुरे जेमतेम आठ-नऊ किलो असतात, हा हिशेब कोणीच केला नव्हता. त्यानंतर पिंपांमध्ये मुरमुरे भिजवायला घेतले आणि आमच्या डोळ्यांदेखत तो डोंगर खाली बसू लागला. पिळून काढलेले मुरमुरे कढईत टाकले तेव्हा ती भली मोठी कढई पाव देखील भरली नाही. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘एवढं सगळं गेलं कुठं?’’ मी काय सांगणार? मुरमुऱ्यांतली हवा गेली होती.

वजन मात्र पाण्यामुळे वाढले होते आणि आम्हाला तेवढाच आधार उरला होता. कढई क्रेनने उचलून मालमोटारीवर ठेवली आणि मालमोटार बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर नेली. तिथे काटेवाल्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, रिकाम्या कढईचे वजन किती? ते कोणी घेतलेच नव्हते. दुसरा, तुम्हाला किती नेमके पाहिजे, कारण आमचा काटा वीस किलोच्या टप्प्याने दाखवतो? उसाच्या ट्रॉल्या मोजणाऱ्या काट्याला वीस किलो म्हणजे काहीच नव्हे, पण विक्रमाला ते चालत नाही. पाणी किती पिळायचे हेही आधी ठरलेले नव्हते, त्यामुळे एकाच कढईतला सुशीला ओला धरला तर विक्रम आणि कोरडा धरला तर न्याहारी, अशी अवस्था झाली.

शेवटी एका खासगी संस्थेने शुल्क घेऊन आम्हाला प्रमाणपत्र दिले. ते आजही सभागृहात लावलेले आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘विश्वविक्रम’ असे छापले आहे, पदार्थाचे नाव आहे, मान्यवरांची नावे आहेत, पण किलो किंवा लिटर असा एकही आकडा नाही. आकड्याच्या जागी ‘अतिभव्य’ असा शब्द आहे. सुशीला मात्र चांगला झाला होता आणि संध्याकाळपर्यंत शाळांतील मुलांनी तो संपवला.

वेरूळ येथील मार्गदर्शक

सुशीलाप्रेमी यांच्या कढईसारखीच चूक मी पर्यटकांसमोर पंधरा वर्षे केली, म्हणून लिहितो. कैलास लेणे कोरताना किती दगड काढला, याचे उत्तर कोणी दोन लाख टन देतो, कोणी चार लाख टन, आणि चार लाख ऐकल्यावर लोक जास्त माना डोलवतात म्हणून मी चार लाख सांगत असे. एकदा एका पर्यटक मुलाने पायरीवर बसून वहीत हिशेब मांडला. प्रांगणाची लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी सुमारे ४७ मीटर आणि मागच्या बाजूच्या कड्याची उंची साधारण ३३ मीटर. या तिन्हींचा गुणाकार सुमारे १ लाख ३० हजार घनमीटर येतो. बेसॉल्ट घनमीटरला २.९ टन धरला तरी पावणेचार लाख टनांच्या आसपास थांबतो, आणि तोही तिथे पूर्ण चौकोनी ठोकळा होता आणि तो सगळाच काढला असे मानले तर. प्रत्यक्षात डोंगर पुढच्या बाजूला उतरता होता आणि मधोमध मंदिर, हत्ती व ध्वजस्तंभ शिल्लक ठेवलेले आहेत. बाजूच्या ओवऱ्यांत कोरलेला दगड वेगळा धरला तरी चार लाखांपर्यंत ताणणे अवघड आहे. त्या दिवसापासून मी दोन लाख सांगतो आणि हिशेबही सांगतो.

सर्वांत मोठे एकाश्म मंदिर हा दावा मात्र मी निःशंकपणे करतो, कारण एकाच कड्यातून वरून खाली कोरलेले एवढे दुसरे देवालय कोणी दाखवलेले नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले हे काम आहे. नवव्या शतकाच्या आरंभीच्या वडोदरा ताम्रपटात या मंदिराचे वर्णन येते. त्यात विमानातून जाणारे देव चकित झाल्याचे तर सांगितले आहेच, पण ज्याने ते घडवले तो शिल्पीसुद्धा ‘हे मी कसे केले’ म्हणून आश्चर्यात पडला, असे म्हटले आहे. टनांचा उल्लेख त्यात नाही.

परंड्याचा रहिवासी

तोफांचे उदाहरण राहिले, म्हणून दोन ओळी लिहितो. विजापूरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली, नंतर आमच्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. जयपूरजवळच्या जयगडावरील जयबाण सुमारे ५० टनांची असूनही ‘चाकांवरची सर्वांत मोठी तोफ’ म्हणून पहिली ठरते, आणि मॉस्कोतील १५८६ सालची झार तोफ या दोघींपेक्षा हलकी असूनही ८९० मिलिमीटर रुंदीच्या तोंडामुळे पहिली ठरते. आमची तोफ परंड्यातच राहिली असती तर आम्हीही एखादे विशेषण शोधलेच असते.

सेलूचे गुरुजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या शनिवारी मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली आणि धरणांच्या दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या. उजनी पहिल्यावरून तिसरी होताना पाहून वर्गात जो गोंधळ झाला तो ऐकून मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. मुलीने वहीत दोन नवे रकाने आखले आहेत, ‘कशाने मोजले’ आणि ‘केव्हा मोजले’. जुन्या नोंदी त्यांत भरताना बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या ओळींवर तिने पेन्सिलीने फुली मारली, खोडरबर मात्र वापरले नाही. उत्तर मिळाले तर नोंद परत घेता येईल, असे तिचे म्हणणे आहे.

मग मुलांनी शाळेच्या आवारातील कडुनिंबाचा घेर मोजायला घेतला आणि तिथेही भांडण झाले. घेर छातीच्या उंचीवर मोजतात एवढे कोणीतरी वाचले होते, पण छाती कोणाची धरायची? पाचवीतल्या मुलाच्या छातीजवळ खोड जाड आणि माझ्या छातीजवळ बारीक. अखेर वनखाते १.३७ मीटर ही उंची ठरवून मोजते हे शोधून काढले आणि खोडावर खडूने रेघ मारली. २ मीटर ८४ सेंटिमीटर भरले. आता शेजारच्या गावच्या शाळेला आव्हान देण्याचे पत्र लिहिले जात आहे, आणि त्यात ती १.३७ ची अट ठळक अक्षरांत आहे.

अभियंता साहेबांना एक विचारायचे होते. जायकवाडी १० किलोमीटर लांब आहे हे स्वतः चालून पाहायचे, असा मुलीने हट्ट धरला आहे आणि निम्मा वर्ग तिच्या बाजूला आहे. धरणावरून चालत जाऊ देतात का?

निवृत्त शाखा अभियंता, पैठण

परवानगीशिवाय नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने, मुलांच्या नावांच्या यादीसह धरणाच्या कार्यालयाकडे अर्ज करावा आणि उत्तर आल्यावरच गाडी ठरवावी. उन्हाळ्यात मुळीच आणू नका, पिचिंगचा दगड तापला की वाऱ्यासकट सगळे भाजते. पावसाळा संपून दरवाजे बंद झाले की नोव्हेंबरात या, तेव्हा पाणीही काठोकाठ असते. मोजपट्टी आणायची गरज नाही. माथ्यावर ठरावीक अंतराने साखळी क्रमांकाचे, म्हणजे अंतर दाखवणारे, दगड आहेत, तेच तिला मोजत येऊ द्या. अर्ज मंजूर झाला तर मीही येईन, पण माझे गुडघे पाहता पाचव्या किलोमीटरपर्यंतच.